टॅबमधली आवराआवर कोणाची?

रात्री टॅब चार्जिंगला लावण्याआधी बोट खालून वर ओढायचं, उघडलेल्या अ‍ॅप्सची रांग समोर आली की एकेक कार्ड वर भिरकावून द्यायचं आणि रांग रिकामी झाली की निश्चिंत व्हायचं, हा आता अनेक घरांतला नित्यनेम झाला आहे. शिकलेसवरलेले लोक तो पाळतात, दुकानदार तो शिकवतात, आणि टॅब मंद चालतो अशी तक्रार कोणी केली की पहिला सल्ला हाच मिळतो: मागची अ‍ॅप्स बंद करत जा. माझं म्हणणं असं की या नेमानं बॅटरी वाचत नाही आणि टॅब वेगानं चालत नाही. पण मला त्याची खरी चिंता वेगळ्याच कारणासाठी वाटते. मेमरी सांभाळणं हे यंत्राचं काम आहे आणि ते आपण बोटानं करत बसलो आहोत. आपल्या माघारी कोणत्या अ‍ॅपनं काय करावं हे ठरवणं आपलं काम आहे आणि ते आपण कंपन्यांवर सोडून दिलं आहे. कामांची ही वाटणी नेमकी उलटी झाली आहे.

आधी ते कार्ड म्हणजे काय ते बघू. आयपॅडवर तुम्ही एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात गेलात की पहिल्याला आटोपतं घ्यायला थोडे सेकंद मिळतात. अर्धवट मजकूर जतन करणं, सुरू असलेली एखादी देवाणघेवाण पुरी करणं एवढं उरकलं की यंत्रणा त्याला गोठवते. गोठलेलं अ‍ॅप मेमरीत असतं, पण त्यातली एकही आज्ञा चालत नाही. प्रोसेसर त्याच्याकडे वळत नाही. नव्या कामाला जागा लागली की यंत्रणा या गोठलेल्यांपैकी एखाद्याला तुम्हाला न विचारता मेमरीतून काढून टाकते. कार्ड मात्र रांगेत तसंच राहतं. म्हणून रांगेत वीस कार्डं दिसली तरी त्यातली किती अ‍ॅप्स खरोखर मेमरीत आहेत हे कार्डांवरून सांगता येत नाही. खात्री करायची असेल तर आयपॅड पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मेमरी कोरी झालेली असते, तरीही रांग जशीच्या तशी समोर येते. ती रांग हा तुम्ही अलीकडे कुठे कुठे गेला होता त्याचा इतिहास आहे. तो पुसणं म्हणजे भिंतीवरच्या फोटोतला पंखा बंद करायला उठण्यासारखं आहे.

अँड्रॉइडच्या टॅबवर तपशील बदलतात, हिशेब तोच राहतो. तिथे प्रत्येक अ‍ॅपला उतरंडीत जागा असते. पडद्यावर दिसणारं सर्वांत वर, गाणं वाजवणारं किंवा रस्ता दाखवणारं त्याखाली, आणि वापरून बाजूला ठेवलेलं तळाशी. मेमरी कमी पडू लागली की तळापासून सफाई सुरू होते. अँड्रॉइडच्या अभियंत्या डायान हॅकबॉर्न यांनी ही सगळी रचना एप्रिल २०१० मध्येच सविस्तर लिहून ठेवली होती. अ‍ॅप बंद करण्याची फिकीर वापरणाऱ्यानं करू नये, हा त्या रचनेचा पायाच होता. त्याच महिन्यात अ‍ॅपलनं आयफोनवर एकाहून अधिक अ‍ॅप्स चालवण्याची सोय जाहीर केली, तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांनीही वापरणाऱ्यांना कामं बंद करण्याची यादी दाखवावी लागली तर बनवणारे चुकले असं बजावलं होतं. आयपॅडवर ही सोय नोव्हेंबर २०१० मध्ये आली. पहिल्या आयपॅडमध्ये मेमरी होती अवघी २५६ एमबी. एवढ्याशा जागेत अ‍ॅप्सची ये-जा यंत्रानंच सांभाळली तरच गाडं चालणार होतं, आणि ते चाललंही.

मग हे भिरकावणं आलं कुठून? याचा माग काढला तर २००९ सालच्या पाम प्री या फोनपाशी पोचता येतं. त्याची वेबओएस नावाची यंत्रणा होती आणि उघडं अ‍ॅप कार्डाच्या रूपात दाखवायचं, नको झालं की वर ढकलून द्यायचं, ही पद्धत तिनं लोकांसमोर आणली. तिथे ते कार्ड खरोखर जिवंत असे. ते मागे गेलं तरी चालू राही आणि ढकललं की अ‍ॅप बंद होई. चित्र आणि वस्तुस्थिती यांचा मेळ होता. त्या रचनेमागचे मतियास दुआर्ते २०१० मध्ये गुगलमध्ये गेले. टॅबसाठी खास बनवलेलं अँड्रॉइड ३.० फेब्रुवारी २०११ मध्ये आलं, त्यात अलीकडच्या अ‍ॅप्सची चित्रमय यादी आली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ४.० मध्ये ती चित्रं बोटानं बाजूला सारता येऊ लागली. अ‍ॅपलनं २०१३ मध्ये आयओएस ७ पासून कार्डं वर ढकलण्याची पद्धत आणली. या प्रवासात कार्डाचं रूप टिकलं आणि त्याचा अर्थ मात्र बदलला. जिवंत कामाचं कार्ड नुसत्या आठवणीचं चित्र झालं. हे वापरणाऱ्याला कोणी सांगितलं नाही. पुढे अनेक उत्पादकांनी त्या यादीखाली ‘सगळे बंद करा’ असं ठळक बटण दिलं, काहींनी ते दाबल्यावर किती मेमरी मोकळी झाली त्याचा आकडाही झळकवायला सुरुवात केली. आकडा दिसला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून या सवयीचा दोष मी वापरणाऱ्यांच्या माथी मारत नाही. बंद करण्याचं बटण समोर ठेवायचं आणि ते दाबू नका असं मदतीच्या पानावर लिहायचं, हा बनवणाऱ्यांचा बेजबाबदारपणा आहे.

मोकळ्या मेमरीच्या त्या आकड्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण सगळा गैरसमज तिथे साठला आहे. रॅम भरलेली असो की रिकामी, तिला जागतं ठेवायला लागणारी वीज जवळपास तेवढीच लागते. चिपमधली माहिती सतत ताजी करावी लागते आणि हा खर्च आत काय आहे यावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे गोठलेलं अ‍ॅप मेमरीत ठेवण्याचा भुर्दंड नगण्य आणि फायदा मोठा: पुन्हा बोट लावलं की ते होतं त्या जागी, होतं त्या क्षणी उघडतं. तेच अ‍ॅप आपण हटवलं असेल तर पुढच्या वेळी ते साठवणीतून वाचून काढावं लागतं, त्याची मांडणी पहिल्यापासून करावी लागते, ओळख पुन्हा पटवावी लागते, चित्रं आणि बातम्या पुन्हा खाली उतरवाव्या लागतात. या प्रत्येक पायरीला प्रोसेसर राबतो, वायफाय राबतं आणि बॅटरी उतरते. दिवसातून दहा वेळा उघडायचं व्हॉट्सअ‍ॅप दहा वेळा हटवणारा माणूस बॅटरी वाचवत नसतो, खर्ची घालत असतो. मार्च २०१६ मध्ये एका ग्राहकानं अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना ईमेलनं थेट विचारलं होतं की तुम्ही स्वतः अ‍ॅप्स अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी ते आवश्यक आहे का. उत्तर अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिघी यांनी दिलं आणि दोन्ही प्रश्नांना एकेका शब्दात नकार दिला. त्याच दिवसांत अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही तेच सांगितलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन कंपन्या ज्या थोड्या गोष्टींवर एकमतानं बोलतात त्यातली ही एक.

तरीही सवय जात नाही आणि त्याचं कारण माणसांच्या अज्ञानात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. आपल्याकडे ज्या पिढीनं संगणक पहिल्यांदा हाताळला तिनं तो विंडोजवर हाताळला. गावोगावच्या केंद्रांत एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केलेल्यांना विचारा. त्या काळच्या यंत्रांत चार खिडक्या उघडल्या की पडदा गोठायचा, कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून यादी काढायची आणि अडकलेलं काम बंद करायचं, हे तिथे हाताला बसलं. ते ज्ञान त्या यंत्रांसाठी अगदी बरोबर होतं, कारण तिथे मागची खिडकी खरोखर चालू असे. त्याच्या जोडीला आपला घरचा संस्कार: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, नळ टपकू द्यायचा नाही. काटकसर हा गुणच आहे. वाया जाऊ नये ही तळमळ खरी आहे आणि म्हणूनच ती चुकीच्या जागी खर्च होताना बघून वाईट वाटतं.

उलट बाजूची एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. गोठवण्याचा नियम पाळला जाईलच असं नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयफोनवर फेसबुकचं अ‍ॅप मागे राहूनही बॅटरी खात असल्याच्या तक्रारी वाढल्या. कंपनीनं तपास केला तेव्हा दोन दोष सापडले. त्यातला एक असा की व्हिडिओ बघून माणूस बाहेर पडला तरी आवाजाचं काम सुरूच असल्याची नोंद राहत होती, त्यामुळे काहीही न वाजवता अ‍ॅप जागं राहत होतं. ज्यांनी त्या आठवड्यांत फेसबुकचं कार्ड ढकलून दिलं त्यांनी योग्यच केलं. अडकलेलं अ‍ॅप बंद करावं, हे अ‍ॅपलही सांगते. पोचल्यावरही रस्ता सांगत राहिलेला नकाशा थांबवावा. टॅब नातवंडांच्या हाती देण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून लॉग आउट करावं. नुसतं कार्ड ढकलून पैसे सुरक्षित होत नाहीत. ही सगळी नेमकी कारणं आहेत आणि नेमक्या कारणासाठी एक अ‍ॅप बंद करायला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो सरसकट झाडलोटीला, कारण तिच्यामुळे फेसबुकसारखा एखादा खरा दोषी गर्दीत सुटून जातो. सगळेच रोज बंद केले तर बॅटरी कोण खात होतं ते कळणार कसं?

ते कळण्याची जागा दुसरीकडे आहे. माझ्या मावशीकडे अँड्रॉइडचा टॅब आहे. कीर्तनं ऐकणं, नातीशी व्हिडिओवर बोलणं आणि थायरॉइडची गोळी सकाळी सहाला घेण्याची आठवण, ही त्यावरची तिची मुख्य कामं. गोळीची आठवण वाजतच नाही, अशी तिची तक्रार होती. मी विचारलं, “मावशी, रात्री काय करतेस तू टॅबचं?” तर म्हणाली, “अरे, गॅस, गीझर आणि हे, सगळं बंद करूनच झोपते मी.” तिच्या टॅबमध्ये कार्ड ढकललं की गोळीचं अ‍ॅप सक्तीनं थांबवल्यासारखंच होत होतं. सगळ्या टॅबमध्ये किंवा सगळ्याच अ‍ॅप्सचं असं होत नाही, काही उत्पादकांनी बॅटरी जास्त टिकल्याचं दाखवण्यासाठी स्वतःचे कडक नियम घातले आहेत. सक्तीनं थांबवलेल्या अ‍ॅपला अँड्रॉइड गजर वाजवू देत नाही, बाहेरून आलेला निरोपही त्याच्यापर्यंत पोचवत नाही. माणसानं स्वतः ते पुन्हा उघडेपर्यंत ते मुकं राहतं. म्हणजे बॅटरी वाचवायला निघालेला हात रोज रात्री औषधाची आठवण पुसत होता.

त्यानंतर आम्ही दोघं सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडून बसलो. सर्वांत जास्त खर्च पडद्याचा, कारण उजेड पूर्ण वाढवून ठेवलेला. त्याखाली व्हिडिओ. हे अपेक्षितच होतं. त्याखाली मात्र खरेदीचं एक अ‍ॅप होतं. मावशीनं ते दिवाळीत साडी बघायला उघडलं होतं, नंतर त्याकडे फिरकलीही नव्हती आणि त्याचं कार्ड तर तिनं कधीच ढकलून दिलेलं होतं. ते मागच्या मागे चालूच होतं. परवानग्यांचं पान उघडलं तेव्हा हवामानाच्या एका अ‍ॅपला तिचा ठावठिकाणा सतत कळण्याची मुभा दिलेली दिसली. घराबाहेर न जाणाऱ्या टॅबला हे कशाला? आम्ही ठावठिकाण्याची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच केली, खरेदीचं अ‍ॅप काढून टाकलं, गोळीच्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट दिली आणि पडद्याचा उजेड आपोआप कमीजास्त होईल असा ठेवला. सगळं मिळून चहा निवेपर्यंत झालं. कार्डं ढकलण्याचा नेम त्यापुढे किती तोकडा आहे हे मावशीला मी वेगळं सांगायची गरज पडली नाही. साडीचं अ‍ॅप यादीत बघून तीच चिडली होती.

व्यवस्थापन मी याला म्हणतो. आयपॅडवर ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ नावाचं पान आहे. कोणत्या अ‍ॅपनं तुमच्या माघारी माहिती आणावी ते तिथे एकेक करून ठरवता येतं. अँड्रॉइडनं २०१५ मध्ये, पडदा बंद आणि यंत्र स्थिर असताना अ‍ॅप्सना ठरावीक वेळीच नेटवर्क द्यायचं अशी शिस्त आणली, २०१७ मध्ये मागे चालणाऱ्या कामांवर आणखी मर्यादा घातल्या आणि २०१८ पासून क्वचित वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सना कमी वाव द्यायला सुरुवात केली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये तर वरून पडदा पूर्ण ओढला की खाली सध्या खरोखर सक्रिय असलेल्या अ‍ॅप्सची छोटी यादी मिळते, थांबवण्याच्या बटणासह. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मागे चालणारं मोठं काम, उदाहरणार्थ व्हिडिओची निर्यात, चालू असताना पडद्यावर दिसत राहतं. या याद्या खऱ्या आहेत. तिथे जे दिसतं ते खरोखर चालू असतं. दुर्दैव असं की खरी यादी दोन पडदे ओढल्यावर कोपऱ्यात सापडते आणि इतिहासाची यादी एका बोटावर नाचते. ज्या कंपन्यांनी ढकलण्याची क्रिया इतकी सुखद बनवली त्यांना खरी यादी तितक्याच हाताशी ठेवणं अवघड नाही. परवानग्या पहिल्याच दिवशी घाईघाईत ‘हो’ म्हणवून घेण्याऐवजी, न वापरलेलं अ‍ॅप मागे काय करत होतं हे महिन्याकाठी साध्या मराठीत सांगणंही अवघड नाही. आपण ते मागत नाही, कारण रात्रीच्या झाडलोटीनं आपलं समाधान झालेलं असतं.

आता अशा टॅबकडे आणि फोनकडे येतो जिथे माझा युक्तिवाद पुरा पडत नाही असं कोणी म्हणेल. मेमरीच अपुरी असलेली यंत्रं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. ब्राउझरमध्ये तीन पानं भरून झाली, उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जोडायचा म्हणून तिनं कॅमेरा उघडला. कॅमेऱ्याला एकदम भरपूर मेमरी लागते. आधी तळातली गोठलेली अ‍ॅप्स जातात, तरी भागत नाही, मग नुकताच मागे गेलेला ब्राउझरही जातो. फोटो काढून ती परत येते तो पान नव्यानं उघडतं आणि अर्ज कोरा. शेजारी उभा असलेला कोणीतरी हमखास म्हणतो, “मागं किती अ‍ॅप्स उघडी ठेवलीस!” पण ती बाकीची अ‍ॅप्स तर यंत्रणेनं ब्राउझरच्या आधीच हटवली होती. तिनं स्वतः हटवली असती तरी निकाल बहुधा हाच लागला असता. तिच्या हातातलं यंत्र तोकडं होतं, एवढंच खरं. फोटो आधी काढून ठेवावेत, मग अर्ज उघडावा, ही तिला उपयोगी पडणारी युक्ती. दोष मात्र तिचा नव्हे.

आणि हा दोष खाली ढकलण्याची रीत महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. त्या फोनमध्ये रॅम होती २ जीबी. त्यावर पोषण ट्रॅकर नावाचं अ‍ॅप चालवायचं, बालकांची वजनं, हजेरी, आहार यांच्या नोंदी करायच्या. फोन तापत, अडकत, बंद पडत. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच अंगावर येई. आणि अ‍ॅप इंग्रजीत. मानधनावर काम करणाऱ्या बाईनं तो फोन पंचायत समितीच्या पातळीवरच्या कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवला आणि सांगितलं की याच्यावर काम होत नाही. मला ही कृती अतिशय समंजस वाटते. मागची अ‍ॅप्स बंद करा या सल्ल्याला त्याहून चांगलं उत्तर असू शकत नाही. यंत्र कामाला पुरेसं आहे की नाही याचा जाब ते वापरणाऱ्यानं द्यायचा नसतो, खरेदी करणाऱ्यानं द्यायचा असतो.

टॅबच्या सरकारी वाटपाला आपल्याकडे बरीच वर्षं झाली. मुंबई महापालिकेनं २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. महाज्योती ही संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब देते, सोबत रोजचा इंटरनेट डेटाही. मुलांच्या हाती साधन देण्याचा हेतू मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच निविदेत काय लिहिलं जातं याबद्दल आग्रह धरावासा वाटतो. पडदा किती इंचांचा आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यावर थांबून चालणार नाही. रॅम किती, सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार, उत्पादकानं बॅटरीच्या नावाखाली मागच्या अ‍ॅप्सवर कोणते जादा निर्बंध घातले आहेत आणि ते काढता येतात का, हे लेखी घेतलं पाहिजे. खरेदीआधीची चाचणीही कामातूनच घ्यावी. नमुन्याचा टॅब एखाद्या अंगणवाडी सेविकेच्या किंवा बारावीच्या विद्यार्थिनीच्या हाती द्यावा. तिनं अर्ज उघडून अर्धा भरावा, कॅमेऱ्यात जाऊन दाखल्याचा फोटो काढावा, मेसेजमध्ये जाऊन ओटीपी बघावा, मध्ये आलेला एक फोन घ्यावा आणि मग अर्जाकडे परत यावं. भरलेली अक्षरं जागेवर असतील तर टॅब घ्यावा. नसतील तर तो पुरवठादाराकडे परत पाठवावा.